सात नंबरचं वळण

शुक्रवारच्या तपासणीतच सोपान फुगेची गाडी अडली.
मागचा दिवा चिकटपट्टीवर, एक बिजागरी ढिली.
भोसरीच्या शेडमध्ये रात्रभर वेल्डिंग,
पहाटे परत हजर –
दारावर अठ्ठ्याऐंशी, बॉनेटवर कुंकवाचं बोट,
बंपरला बांधलेलं लिंबू तपासनिसाने काढायला लावलं
ते सोपानच्या खिशात.

शनिवारी चारला सुटल्या. सोळा तास.
रस्ता एक, शर्यती तीन.
पहिल्या वर्गाच्या, जमिनीला पोट घासत जाणाऱ्या,
ज्यांच्या चार टायरांत सोपानची अख्खी गाडी येईल.
मग मधल्या, रुंद खांद्यांच्या.
आणि तिसरा वर्ग:
गॅरेजवाले, एक दाताची डॉक्टर,
रिमोल्डिंगचा इरफान तांबोळी,
कर्ज काढून आलेले, बायकोला न सांगता आलेले.

माझी जागा सातव्या वळणावर.
आठवडाभर चाकणच्या कंपनीत गेज लावून मापं बघतो,
शनिवार-रविवार इथे, फुकट, दोन वेळचं जेवण.
हातात निळा झेंडा.
मागून वेगाचं येतंय, वाट दे –
नियमपुस्तकात एवढाच अर्थ.

आमच्या घरात निळ्याचा अर्थ दुसरा.
चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री
वडील गच्चीवर काठी रोवायचे
आणि सरळ आहे का बघायला
चारदा जिना उतरून रस्त्यावर जायचे.
निळा म्हणजे हटायचं नाही.
पहिल्या वर्षी इथे तो कुणाला तरी
बाजूला हो म्हणून हलवला,
तेव्हा कोपरापासून हात जड झाला होता.
बोललो नाही कुणाला. ड्यूटी.

अंधार पडल्यावर झेंडा ठेवून दिव्याचं बटण.
अठ्ठ्याऐंशीला किती वेळा दाबलं,
शंभरानंतर मोजणं सोडलं.
दर वेळी ती आपली रेघ सोडायची,
खडीच्या कडेला जाऊन दुसऱ्याला जाऊ द्यायची
आणि पुन्हा रेघेवर.
कुरकुर नाही, घाई नाही.
रात्री डॉक्टर मुग्धा बारटक्के चालवत होत्या,
दाढ काढावी तसा गिअर काढायच्या, सावकाश, मुळासकट.

दोनच्या पुढे वारा फिरला,
मार्केट यार्डातल्या कांद्याचा वास
पेट्रोलच्या वासात शिरला.
भूक लागली की झोप, कळेना.
सव्वातीनला वायरलेसवर सोपानचा आवाज:
गिअरबॉक्सची वाट लागली.
मग तासभर सातव्या वळणावरून
अठ्ठ्याऐंशी गेलीच नाही.
मी मात्र दर अडीच मिनिटांनी वर बघत होतो.

परत आली ती तिसरा गिअर नसलेली.
दुसऱ्यात रडायची, चौथ्यात धापा टाकायची.

पाचच्या सुमाराला धुक्यात
पहिल्या वर्गातली, सगळ्यांच्या पुढे असलेली,
माझ्यासमोरच विझली.
धूर नाही, आवाज नाही, नुसती विझली.
कठड्याच्या आत आणलं त्या पोराला. थरथरत होता.
थर्मासमधला चहा दिला.
धुक्यातून एक पिवळट दिवा आला,
चिकटपट्टी अजून तशीच.
"ही अजून पळतेय?" तो म्हणाला.
मी म्हणालो, "हिची शर्यत वेगळी आहे."
त्याने कप दोन्ही हातांत धरला
आणि ती पुन्हा येईपर्यंत बसून राहिला.

आठला चौकटीचा झेंडा पडला.
अठ्ठ्याऐंशी वर्गात चौथी.
वर्गात उरल्या होत्या चार.
सोपान खिशातलं लिंबू काढून म्हणाला म्हणे,
आता सरबत करा.

शेवटची फेरी सावकाश असते, निकालानंतरची.
तेव्हा वळणा-वळणावरची माणसं
आपापले सगळे झेंडे हलवतात, रामराम म्हणून.
अठ्ठ्याऐंशी आली. मागे कुणी नव्हतं.
निळा उचलला, डोक्याच्या वर.
इरफानने खिडकीतून हात काढला.

मग घडी घालायला घेतला
तर काठी जरा वाकलेली.
रात्री कधीतरी त्यावर टेकलो असेन.
गुडघ्यावर ठेवून सरळ करत बसलो,
पिकअप येईपर्यंत.